नास्तिक ठरवलेले किंडरगार्टन : ख्रिस्ती बालशिक्षणाचा विचार आणि त्याचा विसर

१/
७ ऑगस्ट १८५१. प्रशियाचे धर्म व शिक्षण खात्याचे मंत्री कार्ल फॉन राउमर यांच्या खात्याने एक आज्ञा काढली आणि राज्यातील सर्व किंडरगार्टनांवर बंदी आली. या बालशाळा समाजवादी विचारपद्धतीचा भाग असून त्या मुलांना नास्तिकतेकडे नेतात, असे कारण देण्यात आले. तीन ते सहा वर्षांची मुले, लोकरीचे चेंडू, लाकडी ठोकळे, गाणी आणि फुलांचे वाफे. एका बलाढ्य राज्यसत्तेला भय वाटावे असे यात होते तरी काय?

२/
या शाळांचे जनक फ्रीडरिश फ्रोबेल तेव्हा ६९ वर्षांचे होते. ते ल्यूथरपंथी पाळकाचे पुत्र. त्यांच्या शिक्षणविचाराची सुरुवातच मुळी ईश्वरापासून होते : सर्व सृष्टीत एकच ईश्वरी नियम नांदतो आणि मुलाच्या ठायी असलेले ते ईश्वरी तत्त्व उमलू देणे हेच शिक्षण, अशी त्यांची श्रद्धा होती. अशा मनुष्याच्या शाळेवर नास्तिकतेचा शिक्का बसला. ही केवळ सरकारी गफलत होती, असे म्हणून हा प्रसंग सोडून देता येत नाही.

३/
कारण या प्रसंगामागे एक मोठा प्रश्न उभा आहे. एखादे बालशिक्षण धार्मिक कशामुळे ठरते? सकाळी म्हटलेल्या प्रार्थनेमुळे, पाठ केलेल्या वचनांमुळे, की मूल म्हणजे काय याविषयीच्या धारणेमुळे? ख्रिस्ती बालशिक्षणाचा सुमारे चारशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर उत्तर तिसऱ्या पर्यायाकडे झुकते. त्या परंपरेचे खरे तत्त्वज्ञान तिच्या प्रार्थनापुस्तकापेक्षा तिच्या खेळण्यांत, बागेत आणि हट्टी मुलाशी होणाऱ्या वर्तनात अधिक स्पष्ट दिसते.

४/
या कथेचा आरंभ सतराव्या शतकातील मोरेव्हियात होतो. यान आमोस कोमेनियस (१५९२–१६७०) हे तेथील 'बंधुसंघ' या लहानशा प्रोटेस्टंट पंथाचे पाळक आणि पुढे बिशप. १६२० मध्ये व्हाइट माउंटनच्या लढाईत बोहेमियातील प्रोटेस्टंटांचा पराभव झाला आणि त्यांच्यामागे ससेमिरा लागला. कोमेनियस यांना घरदार सोडावे लागले. पत्नी आणि दोन लहान मुले साथीच्या रोगात गेली. १६२८ मध्ये त्यांनी मायदेश कायमचा सोडला आणि पोलंडमधील लेश्नो येथे आश्रय घेतला.

५/
स्वतःची मुले गमावलेल्या या निर्वासिताने लेश्नो येथील वास्तव्यात जे लेखन केले, त्यात पहिल्या सहा वर्षांच्या शिक्षणावरील एक छोटे पुस्तक होते. त्याचे नाव 'मातृशाळेची मार्गदर्शिका' अशा अर्थाचे. मूळ पुस्तक चेक भाषेत लिहिले गेले. १६३३ मध्ये त्याची जर्मन आवृत्ती निघाली. केवळ याच वयासाठी सविस्तर शिक्षणक्रम मांडणाऱ्या युरोपातील आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते. त्यातील शाळेला इमारत नाही. आईची मांडी हीच शाळा.

६/
त्या शिक्षणक्रमाचे स्वरूप आजही थक्क करते. लहान मुलाचा भूगोल म्हणजे आपले घर, अंगण, शेत आणि रस्ता ओळखणे. त्याचे खगोलशास्त्र म्हणजे सूर्य, चंद्र आणि तारे यांना नावाने हाक मारता येणे. त्याचा इतिहास म्हणजे काल काय घडले ते आठवून सांगणे. भूमिती म्हणजे लहान-मोठे, आखूड-लांब यांतील फरक कळणे. विद्यापीठात जे वृक्ष होऊन उभे राहते, त्या प्रत्येकाचे बीज मातेच्या अंगणात पडलेले असते, हा त्यामागचा विचार होय.

७/
या विचाराचा पाया धर्मशास्त्रीय होता, हे नजरेआड करता येत नाही. मूल हे ईश्वराची प्रतिमा आहे. येशूने बालकांना जवळ घेतले आणि मोठ्यांनी त्यांच्यासारखे व्हावे असे सांगितले. म्हणून सोन्यारुप्याहून मूल मोलाचे, असा कोमेनियस यांचा युक्तिवाद आहे. १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'ऑर्बिस पिक्टस' या सचित्र पुस्तकातही हीच दृष्टी आहे. जग ईश्वराने निर्माण केले असेल, तर ते डोळ्यांनी पाहण्याजोगे आहे. मुलाने आधी वस्तू पाहावी आणि मग शब्द शिकावा.

८/
परंतु त्याच धर्मग्रंथातून एक दुसरा प्रवाहही वाहत होता. इंग्लंडमधील सुझाना वेस्ली यांनी १७३२ मध्ये आपले पुत्र आणि पुढे मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक ठरलेले जॉन वेस्ली यांना एक पत्र लिहिले. मुलाचे मन घडवायचे असेल, तर प्रथम त्याची स्वेच्छा जिंकली पाहिजे, असा त्या पत्राचा मथितार्थ आहे. मूल वर्षाचे होण्याच्या सुमारास त्याला छडीचे भय कळावे आणि रडायचे झाल्यास हळू रडावे, अशी त्या घराची शिस्त होती.

९/
आजच्या वाचकाला हे क्रूर वाटेल. तरीही सुझाना यांना निव्वळ कठोर माता ठरवणे अन्यायाचे होईल. त्यांनी १९ अपत्यांना जन्म दिला आणि त्यांपैकी कित्येकांना बालपणीच गमावले. जगलेल्या मुलांना त्यांनी स्वतः शिकवले, मुलींनाही. मुलीला नीट वाचता येण्यापूर्वी शिवणकामाला जुंपू नये, असा त्यांचा नियम होता. आदिपापाच्या सिद्धान्तावर त्यांचा विश्वास होता. स्वेच्छा हेच पापाचे मूळ असेल, तर ती लवकर मोडणे ही त्यांच्या दृष्टीने माया होती.

१०/
येथे दोन वाटा स्पष्ट होतात. एका वाटेवर मूल हे ईश्वराने पेरलेले बीज आहे. शिक्षकाचे काम माळ्याचे. दुसऱ्या वाटेवर मूल हे पतित मानवजातीचा अंश आहे. शिक्षकाचे काम वैद्याचे, प्रसंगी रखवालदाराचे. दोन्ही वाटांवरचे लोक एकच बायबल वाचत होते आणि एकाच प्रभूची प्रार्थना करत होते. म्हणून 'ख्रिस्ती बालशिक्षण' असे नुसते म्हटल्याने काहीच निश्चित होत नाही. कोणत्या मुलाविषयी बोलणे चालले आहे, बीजाविषयी की बिघाडाविषयी, हे विचारावे लागते.

११/
पहिल्या वाटेचा व्यवहारातील एक हृद्य प्रयोग फ्रान्सच्या पूर्व सीमेवरील व्होज पर्वतात झाला. योहान फ्रीडरिश ओबरलीन (१७४०–१८२६) हे ल्यूथरपंथी पाळक १७६७ मध्ये वाल्डर्सबाख या दरिद्री गावी आले. जमीन खडकाळ, रस्ते जवळपास नाहीतच, आईबाप दिवसभर कामावर आणि लहान मुले वाऱ्यावर. त्या परिसरात सारा बान्झे नावाची एक तरुणी शेजारची मुले गोळा करून त्यांना विणकाम शिकवीत असे. ओबरलीन यांनी तिचे काम पाहिले, त्याला आधार दिला आणि त्यातूनच शाळांची एक साखळी उभी राहिली.

१२/
या शाळांना लोक 'विणकामाच्या खोल्या' म्हणत. थंडीत शेगडीभोवती मुले बसत. मोठी मुले सुया चालवीत, लहानगी खेळत. तरुण शिक्षिका चित्रे दाखवून बायबलमधील गोष्टी सांगत, रानातील झाडे ओळखायला शिकवत, नकाशे पुढे ठेवत, गाणी म्हणून घेत. स्थानिक बोलीत वाढलेल्या मुलांच्या कानांवर फ्रेंच भाषा पडे. विणकामाने हात कामाला लागत आणि गोष्टींनी मन. पुस्तकापूर्वी वस्तू, हा कोमेनियस यांचा विचार येथे शेगडीच्या उबेत प्रत्यक्षात आलेला दिसतो.

१३/
सारा बान्झे १७७४ मध्ये तरुणपणीच वारली. तिच्यामागे हे काम पुढे नेणाऱ्यांत लुईझ शेपलर (१७६३–१८३७) हे नाव ठळक आहे. ती कोवळ्या वयात ओबरलीन यांच्या घरी कामाला आली आणि जन्मभर त्या मुलांची झाली. १८२९ मध्ये फ्रेंच अकादमीने तिला माँत्यों पुरस्कार देऊन गौरविले. इतिहासग्रंथांत बहुधा पाळकाचे नाव मोठ्या अक्षरांत येते. परंतु शाळा चालवल्या त्या शेतकऱ्यांच्या लेकींनी. हे विसरले तर बालशिक्षणाचा इतिहास निम्मा पुसला जातो.

१४/
पुढची पायरी ब्रिटनमधील औद्योगिक वस्त्यांत दिसते. रॉबर्ट ओवेन यांनी १८१६ मध्ये स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथे गिरणी कामगारांच्या मुलांसाठी शाळा उघडली. ओवेन हे प्रस्थापित धर्माचे टीकाकार होते. तीच कल्पना लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात १८२० पासून राबवणारे सॅम्युएल विल्डरस्पिन मात्र स्वीडनबोर्ग यांच्या विचारांवर उभ्या असलेल्या 'न्यू चर्च'चे अनुयायी होते. त्यांच्या पहिल्या दिवसाची हकीकत प्रसिद्ध आहे. आया निघून गेल्या आणि सगळी मुले एकदम रडू लागली.

१५/
काय करावे सुचेना, तेव्हा त्यांनी पत्नीची टोपी एका काठीला अडकवून वर धरली. मुले क्षणात गप्प झाली, पाहू लागली, हसू लागली. त्या दिवशी विल्डरस्पिन यांना कळले की, लहान मुलाच्या मनाचा दरवाजा इंद्रियांतून उघडतो. त्यांच्या शाळेचे मर्म क्रीडांगणात होते. तेथे फुलझाडे आणि फळझाडे लावलेली असत. फूल हाताशी असूनही न तोडणे हा नीतीचा पाठ होता. पाठ केलेल्या आज्ञेपेक्षा हा पाठ अवघड आणि म्हणूनच खरा.

१६/
याच इतिहासात अधःपाताचे बीजही आहे. विल्डरस्पिन यांनी पायऱ्यांसारख्या चढत्या बाकांची 'गॅलरी' रूढ केली. एकाच वेळी पुष्कळ मुलांना शिकवायची ती सोय. हळूहळू कित्येक शाळांत क्रीडांगण गळून पडले आणि गॅलरी तेवढी उरली : रांगेत बसलेली मुले, सामूहिक घोकंपट्टी, वचनांचे पाठांतर. नाव तेच, प्रार्थनाही तीच. मुलाविषयीची श्रद्धा तेवढी गेली होती. पुढील दोनशे वर्षांत हीच गोष्ट अनेकदा, अनेक देशांत घडली.

१७/
आता पुन्हा फ्रोबेल यांच्याकडे. त्यांचा जन्म १७८२ मध्ये थुरिंगियातील ओबरवाइसबाख येथे झाला. पहिला वाढदिवस येण्याआधीच आई गेली. वडील पाळक, कर्तव्यात गढलेले, कठोर. पोरके मूल चर्चच्या सावलीत आणि घराभोवतीच्या बागेत वाढले. चर्चमध्ये त्याने पापाविषयी ऐकले आणि बागेत फुलांविषयी शिकले. पुढे त्यांनी जंगलखात्यातील उमेदवारी केली, स्वित्झर्लंडमध्ये पेस्टालोझी यांच्यापाशी राहून शिक्षण पाहिले आणि बर्लिनमध्ये स्फटिकशास्त्राचा अभ्यास केला.

१८/
या साऱ्यातून त्यांच्या 'देणग्या' जन्मल्या. पहिली देणगी : लोकरीचे सहा रंगीत मऊ चेंडू. दुसरी : लाकडी गोल, घन आणि वृत्तचिती. गोल सतत गतिमान, घन स्थिर. वृत्तचिती दोहोंचा मेळ घालते, कारण ती उभी राहते आणि गडगडतेही. फ्रोबेल यांच्या दृष्टीने हे खेळणे सृष्टीतील ऐक्याचे लहानसे रूप होते. विरोधात ऐक्य आणि ऐक्यात ईश्वर. त्यासाठी मुलाला प्रवचन ऐकवण्याची गरज नव्हती. ते हाताने अनुभवत होते.

१९/
१८४० मध्ये बाड ब्लांकनबुर्ग येथील आपल्या संस्थेला त्यांनी 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. तेथे खरीखुरी बाग होती. प्रत्येक मुलाचा लहानसा वाफा आणि सर्वांचे मिळून मोठे वाफे. स्वतःचे रोप वाढवताना दुसऱ्याच्या वाफ्यात पाय पडू न देणे, हे तेथील नागरिकशास्त्र. या शाळांसाठी त्यांनी तरुण स्त्रियांना शिक्षिका म्हणून तयार केले. त्या काळच्या जर्मनीत मध्यमवर्गीय स्त्रीला घराबाहेर मानाचे काम मिळणे ही लहान गोष्ट नव्हती.

२०/
मग बंदी का आली? एक कारण नामसाधर्म्याचे. पुतणे कार्ल फ्रोबेल हे पुरोगामी विचारांचे होते. मुलींची उच्च शिक्षणसंस्था आणि किंडरगार्टन यांविषयी त्यांची एक पुस्तिका निघाली होती. सरकारने पुतण्याचा विचार काकांच्या नावावर मांडला. पण खुलासा केल्यावरही बंदी उठली नाही. १८४८ च्या क्रांत्यांनंतर सत्ता धास्तावलेली होती. किंडरगार्टनला पाठिंबा देणाऱ्यांत उदारमतवादी होते, स्त्रियांच्या संघटना होत्या आणि राजमान्य चर्चपासून फुटून निघालेल्या स्वतंत्र धर्ममंडळ्याही होत्या.

२१/
त्याहून खोल कारण धर्मशास्त्रात होते. जे मूल जन्मतः चांगले आहे, त्याला सक्तीने वळण लावणाऱ्या सत्तेची आणि पापाचे भय दाखवणाऱ्या व्यासपीठाची फारशी गरज राहत नाही. राज्यकर्त्यांनी हे अचूक ओळखले होते. फ्रोबेल देव मानतात की नाही, हा वाद वरवरचा होता. मुलावर विश्वास ठेवावा की नाही, हा खरा वाद होता. त्या अर्थाने बंदीचा हुकूम काढणाऱ्यांना किंडरगार्टनचे तत्त्वज्ञान पुष्कळशा प्रशंसकांपेक्षा अधिक समजले होते, असे म्हणता येईल.

२२/
२१ जून १८५२ रोजी, बंदीला वर्षही झाले नसताना, फ्रोबेल वारले. बर्था फॉन मारेनहोल्ट्झ-ब्यूलो या उमराव स्त्रीने त्यांचा विचार जर्मनीबाहेर पोहोचवण्यासाठी आयुष्य वेचले. प्रशियातील बंदी १८६० मध्ये उठली. श्वाइना येथील त्यांच्या समाधीवर घन, वृत्तचिती आणि गोल एकावर एक रचलेले आहेत. मुलांच्या हातात दिलेली दुसरी देणगीच दगडात घडवून त्यांच्या डोक्याशी ठेवली गेली.

२३/
हा धागा महाराष्ट्रापर्यंत येतो तो पंडिता रमाबाई यांच्या हातून. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि पुढे तेथेच किंडरगार्टन पद्धतीचे शिक्षण घेतले. ही पद्धत पाहताच तिचे महत्त्व त्यांनी ओळखले. बालविधवेला शिक्षिका करायचे असेल, तर तिच्या हाती दंडुक्याऐवजी ठोकळे, चेंडू आणि गाणी द्यावीत, हे त्यांना उमगले होते. मराठी क्रमिक पुस्तकेही त्यांनी तयार केली.

२४/
मार्च १८८९ मध्ये मुंबईत 'शारदा सदन' सुरू झाले, पुढच्याच वर्षी ते पुण्याला गेले. तेथील शिक्षणक्रमात किंडरगार्टन पद्धतीला स्थान होते. १८९३ मध्ये मात्र वादळ उठले. रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेला मुली बसतात, म्हणजे हे धर्मांतराचे केंद्र आहे, असा आरोप झाला. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

२५/
बर्लिन आणि पुणे ही दोन दृश्ये शेजारी ठेवून पाहावीत. एकीकडे फ्रोबेल यांची शाळा पुरेशी ख्रिस्ती नाही म्हणून बंद होते. दुसरीकडे त्यांची पद्धत वापरणारी संस्था फार ख्रिस्ती आहे म्हणून संकटात येते. पुण्यातील पालकांची शंका निराधार नव्हती. निःपक्ष शिक्षणाचे आश्वासन दिलेल्या संस्थेत परावलंबी मुलींवर धर्माचा प्रभाव पडणे हा गंभीर प्रश्न आहे, आणि मिशनरी शिक्षणाचा विचार करताना तो आजही टाळता येणार नाही. मात्र दोन्ही वादांत मुलाशी आणि मुलीशी दिवसभर कसे वागले जाते, याची चर्चा अभावानेच झाली.

२६/
विसाव्या शतकात हा प्रश्न मारिया मॉन्टेसोरी यांच्यापुढेही आला. १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले. पुढे बार्सिलोनात त्यांनी मुलांसाठी एक चॅपेल मांडले : लहान खुर्च्या, हात पोहोचेल इतक्या उंचीवर ठेवलेले पवित्र पाणी. १९५४ पासून रोममध्ये सोफिया कावाल्लेत्ती आणि जान्ना गोब्बी यांनी त्याच पायावर 'उत्तम मेंढपाळ' ही धर्मशिक्षणाची पद्धत उभारली. सहा वर्षांखालील मुलाला त्यांनी पाप आणि शिक्षा यांऐवजी आपल्या प्रत्येक मेंढराला नावाने ओळखणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट दिली. आधी प्रेमाचे नाते, नियम नंतर.

२७/
महाराष्ट्रात या विचाराला स्वतःचे रूप मिळाले. ताराबाई मोडक यांनी फ्रोबेल-मॉन्टेसोरी यांच्या विचारांतील मर्म घेतले आणि महागडी साधने बाजूला ठेवली. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम केले. शिंपले, बिया, दगड, पाने हीच साधने. पाड्यावरचे अंगण हाच वर्ग. ईश्वराचे नाव त्या पायातून गेले होते. मूल आजच पूर्ण माणूस आहे, ही श्रद्धा मात्र जशीच्या तशी होती. श्रद्धेला धर्माशिवायही उभे राहता येते, याचा हा पुरावा.

२८/
आणि आज? गल्लोगल्ली 'के.जी.'च्या पाट्या आहेत. त्यातील 'जी' म्हणजे गार्टन, बाग, हे कोणाच्या ध्यानीही नाही. साडेतीन वर्षांच्या मुलाला ओळीत अक्षरे गिरवायला लावायची, गृहपाठ द्यायचा, पहिलीच्या तयारीचे आश्वासन पालकांना विकायचे. या शाळा ख्रिस्ती असोत, हिंदू असोत वा निधर्मी, त्यांच्या तत्त्वज्ञानात मूल बीजही नाही आणि पापीही नाही. ते केवळ उशीर झालेला विद्यार्थी आहे. सुझाना वेस्ली यांची छडी निदान मुलाच्या आत्म्याच्या काळजीने उगारली जात होती.

२९/
या परंपरेचे गोडवे गाताना तिचे दोष झाकू नयेत. फ्रोबेल यांच्या देणग्यांचे पुढे अनुयायांनीच कर्मकांड केले. विणकामाच्या खोल्यांत गरिबाच्या मुलाला गरिबाच्याच कामाला तयार करण्याचा हेतूही होता. सेवेच्या आडून धर्मांतराचे हिशेबही मांडले गेले. पण या दोषांवरची उत्तम टीका त्या परंपरेच्या गाभ्यातूनच मिळते : मूल जर साध्य असेल, तर ते चर्चचे, राज्याचे वा बाजाराचे साधन होऊ शकत नाही.

३०/
म्हणून कोणत्याही बालशाळेची पारख तिच्या भिंतीवरच्या मूर्तीवरून, क्रूसावरून किंवा बोधवाक्यावरून करू नये. तेथे जाऊन पाहावे की हट्ट धरून बसलेल्या, काहीच न करणाऱ्या, खिडकीबाहेर टक लावून पाहणाऱ्या मुलाशी तेथील बाई कशा वागतात. ओबरलीन यांच्या डोंगरात सारा बान्झे त्याला शेगडीजवळ सरकायला जागा देत असेल. प्रशियाच्या मंत्र्याला नेमके त्याच मुलाचे भय वाटले होते.

#इतिहास #बालशिक्षण #किंडरगार्टन